वारा सर्वांचा, वीज कोणाची?
(डेन्मार्कच्या पवनऊर्जेचा एक अभ्यास)

— द्वितीय वर्ष कला, भूगोल विभाग

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात आमचे गाव आहे. गावाच्या माथ्यावर विस्तीर्ण पठार आहे आणि त्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. माझा जन्म होण्यापूर्वीच त्या तेथे आल्या. रात्री त्यांच्या शेंड्यावरचे तांबडे दिवे लुकलुकतात. एवढी मोठी पाती आमच्या गावासाठीच फिरत असावीत, असे मला लहानपणी वाटे. परंतु त्याच तांबड्या दिव्यांखालून माझे वडील रात्री दोन वाजता हातात बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी द्यायला जातात, कारण शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसाची, तर एक आठवडा रात्रीची असते. वडील दारे धरून परत येईपर्यंत आईला झोप लागत नाही. पायाखाली काय येईल याचा नेम नसतो.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला 'अपारंपरिक ऊर्जासाधने' हे प्रकरण सुरू असताना सरांनी डेन्मार्कचा उल्लेख केला. त्या देशात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी जवळजवळ निम्मी वीज वाऱ्यापासून मिळते आणि काही वर्षी तर निम्म्याहूनही अधिक मिळते, असे त्यांनी सांगितले. मी सहज विचारले, "सर, तिथल्या पवनचक्क्या कोणाच्या असतात?" सर म्हणाले, "हे तूच शोधून काढ आणि अंकासाठी लिही." प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचेच उत्तर आहे.

देश लहान, वारा मोठा

डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडील एक छोटा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढे. लोकसंख्या सुमारे साठ लाख. सारा देश सपाट आहे. तेथील सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण समुद्रसपाटीपासून जेमतेम १७१ मीटर आहे. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांना याचे नवल वाटेल, कारण आमचे गाव पठाराच्या पायथ्याशी असूनही त्याहून कितीतरी उंच आहे. तीन बाजूंना समुद्र, मध्ये अडवणारा डोंगर नाही, त्यामुळे वारा मात्र भरपूर. पण वारा तर इतरही पुष्कळ देशांत आहे. मग याच देशाला तो कसा साधला?

सुरुवात एका खेड्यातील शाळेत

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला एका शाळेत जावे लागते. एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कमध्ये ग्रुंडविग या विचारवंताच्या प्रेरणेने 'लोकशाळा' निघाल्या. शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींनी काही महिने तेथे राहायचे, शिकायचे आणि पुन्हा शेतीकडे वळायचे, अशी ती पद्धत होती. परीक्षा नाही, पदवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

आस्कोव्ह या गावी अशीच एक लोकशाळा होती. तेथे पौल ला कूर नावाचे पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. सरकारी मदत घेऊन त्यांनी १८९१ साली शाळेच्या आवारात वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली. शहरात वीज आली तरी खेडी अंधारातच राहतील, ही त्यांची चिंता होती. वारा नसताना काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यांनी विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन वायू साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे पेटविले. पुढे खेड्यातील तरुणांना वीजकाम शिकविण्याचे वर्गही त्यांनी सुरू केले. त्या वर्गात शिकून गेलेल्या योहान्नेस यूल यांनी अर्ध्या शतकानंतर, म्हणजे १९५७ साली, गेडसर येथे २०० किलोवॅट क्षमतेची तीन पात्यांची पवनचक्की उभी केली. ती सुमारे दहा वर्षे चालली. आज जगभर दिसणाऱ्या तीन पात्यांच्या चक्क्यांत या गेडसरच्या चक्कीचा वारसा आहे. एका शिक्षकाने लावलेले झाड त्याच्या शिष्याच्या हातून फळाला आले, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

१९७३ चा धक्का

तथापि, गेडसरची चक्की पुढे बंद पडली, कारण तेल स्वस्त होते. स्वस्त तेलापुढे वाऱ्याला कोण विचारतो? मग १९७३ साली अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे संकट उद्भवले. त्या वेळी डेन्मार्कच्या एकूण ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलातून येत होती. तेल वाचविण्यासाठी रविवारी मोटारी चालविण्यास बंदी घालण्यात आली. सरकारने अणुवीज केंद्रांचा विचार पुढे आणला, परंतु जनतेतून त्यास मोठा विरोध झाला आणि अखेर १९८५ साली तेथील संसदेने अणुऊर्जेचा मार्ग योजनेतून वगळला.

या मधल्या दहा-बारा वर्षांत जे घडले ते या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचे आहे. सरकारच्या आधी सामान्य माणसे कामाला लागली. क्रिस्टियन रीसेगर या सुताराने घरच्या घरी २२ किलोवॅटची चक्की तयार करून विजेच्या जाळ्याला जोडली. ट्विंड येथील शाळांच्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून १९७५ ते १९७८ या काळात पन्नास मीटरहून अधिक उंचीची चक्की बांधली. पुढे जे कारखाने या धंद्यात उतरले तेही खेड्यांतलेच होते. 'वेस्टास' हा कारखाना मूळचा लोहारकामाचा, नंतर शेतीयंत्रे बनविणारा. 'नॉर्डटँक' टाक्या बनवीत असे. 'बोनस' हा तर शेताला पाणी देण्याची साधने बनविणाऱ्या व्यवसायातून निघाला.

याच सुमारास जर्मनीने १९८३ साली 'ग्रोवियान' नावाची तीन मेगावॅटची अवाढव्य चक्की उभारली. पैसा होता, मोठे अभियंते होते. पण ती फार थोडे तास चालली आणि १९८८ साली उतरवावी लागली. डेन्मार्कने मात्र २२, ५५, १०० किलोवॅट अशा पायरीपायरीने चक्क्यांचा आकार वाढविला. चूक झाली तर लहान होई, आणि दुरुस्त करणारा माणूस शेजारीच असे. १९७८ साली रिसो येथे परीक्षण केंद्र स्थापन झाले. १९७९ पासून सरकारने चक्कीच्या किमतीच्या तीस टक्के अनुदान द्यायला सुरुवात केली, मात्र त्या केंद्राची मान्यता मिळालेल्या यंत्रालाच. हे अनुदान हळूहळू कमी करीत १९८९ साली बंद केले. अनुदान दिले, परंतु त्याची सवय लागू दिली नाही.

चक्कीतील हिस्सा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या चक्क्या कोणाच्या?

डेन्मार्कमध्ये सहकाराची परंपरा जुनी आहे. तेथील पहिली सहकारी दूधडेअरी १८८२ साली निघाली. तीच पद्धत लोकांनी वाऱ्याला लावली. गावातील वीस-तीस किंवा अधिक कुटुंबे एकत्र येत, चक्की विकत घेत आणि तिचे हिस्से आपसात वाटून घेत. बँका अशा संस्थांना कर्ज देत. वीज जाळ्यात जाई आणि तिचे पैसे हिश्श्याप्रमाणे घरी येत. हिस्सेदार चक्कीच्या आसपास राहणारा असावा, अशी अटही काही काळ होती. १९९० च्या दशकाअखेर सुमारे लाखभर कुटुंबांचा पवनचक्क्यांत हिस्सा होता. राजधानी कोपनहेगनजवळच्या समुद्रात मिडेलग्रुंडेन येथे २००० साली वीस चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील निम्म्या एका सहकारी संस्थेच्या असून तिचे आठ हजारांहून अधिक सभासद झाले.

सामसो या बेटाचे उदाहरण तर मुद्दाम पाहण्याजोगे आहे. सुमारे ११४ चौरस किलोमीटरचे हे बेट, लोकसंख्या चार हजारांच्या आत, आणि व्यवसाय मुख्यतः शेतीचा. तेल जहाजाने येई, आणि वीज मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या तारेने. १९९७ साली सरकारने एक स्पर्धा घेतली. दहा वर्षांत केवळ अपारंपरिक ऊर्जेवर जगण्याची योजना कोणते बेट देऊ शकेल? सामसोची निवड झाली. आयते पैसे मिळाले नाहीत, मिळाली ती जबाबदारी. तेथील एका शेतकऱ्याचे पुत्र आणि पेशाने शिक्षक असलेले सोरेन हर्मनसेन यांनी घरोघरी, सभांमागून सभा घेत लोकांना पटविले. जमिनीवर अकरा चक्क्या आल्या. त्यांतील नऊ स्थानिक शेतकऱ्यांच्या आणि दोन सहकारी मालकीच्या. पुढे समुद्रात दहा आल्या, त्यांतील पाच बेटाच्या नगरपालिकेच्या. घरे गरम ठेवण्यासाठी शेतातील काड जाळून तापविलेले पाणी नळांतून फिरविण्यात आले, आणि त्या काडाचे पैसेही शेतकऱ्यालाच मिळाले. ठरलेल्या दहा वर्षांत बेट वर्षभराच्या हिशेबाने वापरते त्यापेक्षा जास्त वीज निर्माण करू लागले. मोटारी आणि जहाजे मात्र तेलावरच होती. समुद्रातील चक्क्यांची बाहेर पाठविलेली वीज ही त्या तेलाची भरपाई, असा हिशेब त्यांनी मांडला.

हे सर्व वाचून झाल्यावर मी सुट्टीत घरी गेले आणि रात्री जेवताना सांगितले. आजोबा बराच वेळ गप्प होते. पठारावरची आमची दोन एकर जमीन त्यांनीच एका कंपनीच्या माणसाला विकली होती. ते म्हणाले, "माळ हुता, पोरी. गवतबी धड येत न्हवतं. त्यानं पैसं म्होरं ठेवलं, आमी अंगठा दिला. वाऱ्याचं पैसं हुत्यात, ह्ये आमाला कोन सांगनार?" या वाक्यावर मला काही बोलता आले नाही. त्यांची फसवणूक झाली असे मी म्हणत नाही. ती रक्कम त्यांनी राजीखुशीने घेतली आणि त्यातून आत्याचे लग्न झाले. परंतु सामसोच्या शेतकऱ्याला जे ठाऊक होते, ते आमच्या आजोबांना ठाऊक नव्हते. माझ्या मते दोन देशांतील खरे अंतर येथे आहे.

वडिलांनी मात्र दोन रोखठोक प्रश्न विचारले. "आन् वारा न्हाय लागला तर?" आणि "हिस्सा घ्यायला पैसं कुठनं आनायचं?" हे प्रश्न टाळून लेख पुरा होणार नाही.

वारा पडला तर?

डेन्मार्कमध्येही वारा पडतो. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे शेजार. नॉर्वे, स्वीडन आणि जर्मनी या देशांशी त्यांचे विजेचे जाळे जोडलेले आहे. नॉर्वेशी समुद्राखालची तार १९७० च्या दशकातच टाकली गेली. वारा जोरात असला की जादा वीज नॉर्वेकडे जाते आणि तेथील धरणांतील पाणी तेवढे वाचते. वारा पडला की नॉर्वे धरणाचे पाणी सोडून वीज परत पाठवितो. दुसऱ्या शब्दांत, नॉर्वेची धरणे ही डेन्मार्कच्या वाऱ्याची कणगी आहेत.

हे वाचताना मी थबकले, कारण आमच्या पठारावरून कोयनेचा जलाशय दिसतो. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट असून विजेची मागणी वाढेल त्या वेळी ही केंद्रे चटकन सुरू करता येतात. म्हणजे डेन्मार्कला ज्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो, ते वारा आणि धरण आमच्या एकाच तालुक्यात शेजारी शेजारी आहेत. आपल्याकडे वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत वाहतो, हा फरक लक्षात ठेवावयास हवा. पावसाळ्यात वाऱ्याची वीज वापरून धरणात राखलेले पाणी उन्हाळ्यात उपयोगी पडते. उरलेल्या आठ महिन्यांसाठी आपल्याजवळ ऊन आहे, जे डेन्मार्कला हिवाळ्यात फारसे मिळत नाही.

त्यांचे काय चुकले?

परक्या देशाचे गुणगान करताना त्याची उणी बाजू झाकणे हा अभ्यास नव्हे. डेन्मार्कमध्ये घरगुती वीज अनेक वर्षे युरोपातील महाग विजांपैकी एक गणली गेली आणि त्यात कराचा वाटा मोठा असे. दुसरे असे, की २००० नंतर चक्क्या प्रचंड मोठ्या झाल्या. गावातील वीस-तीस कुटुंबांना त्यांची किंमत परवडेना. बाहेरचे भांडवल आले. मग ज्या लोकांनी पूर्वी हौसेने चक्क्या उभारल्या होत्या, तेच लोक आवाजाची, सावलीची आणि घरांच्या किमती घसरण्याची तक्रार करू लागले. यंत्र तेच होते, नाते बदलले होते. हे ओळखून सरकारने २००८ साली कायदा केला. नव्या प्रकल्पातील किमान वीस टक्के हिस्से प्रथम साडेचार किलोमीटरच्या परिसरातील रहिवाशांना देऊ करावेत, असे त्यात होते. ही तरतूदही २०२० साली रद्द होऊन तिच्या जागी दुसऱ्या तरतुदी आल्या. एकदा सुटलेली भागीदारी कायद्याने परत आणणे कठीण असते, हा धडा डेन्मार्कच्या यशाइतकाच मोलाचा आहे.

आपण काय घ्यावे?

चक्की विकत घेता येते, आणि भारताने ती घेतलीही आहे. आज आपला देश पवनऊर्जेत जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो. एकट्या महाराष्ट्रात पाच हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेच्या चक्क्या आहेत. तेव्हा यंत्र ही आता शिकण्याची गोष्ट राहिलेली नाही. शिकण्याची गोष्ट आहे ती ज्याच्या माथ्यावर चक्की आहे त्याचा हिस्सा.

वडिलांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीत आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. त्या वेळच्या शेतकऱ्याजवळ तरी कोठे पैसा होता? थोडेथोडे भागभांडवल, बँकेचे कर्ज आणि उसाच्या बिलातून कपात, यांतून तो कारखाना झाला. आज अनेक साखर कारखाने उसाच्या चिपाडापासून वीज तयार करून विकतात. म्हणजे सामसोच्या काडाची युक्ती आपल्याकडे अगोदरच आहे. सहकारात दोष नाहीत असे नाही. नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा या सहकारी संस्थेने अनेक वर्षे वीजवितरण केले, पण थकबाकी साचत गेली आणि २०११ साली ते काम तिच्याकडून गेले. हिस्सा म्हणजे हक्क तसेच वेळेवर बिल भरण्याचे कर्तव्यही, हे डेन्मार्ककडून घ्यावयाचे आहे.

शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ साली 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' सुरू केली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आणला. उन्हाची वीज दिवसाच तयार होते, त्यामुळे वडिलांच्या रात्रीच्या फेऱ्या थांबविण्याचा तो सरळ मार्ग आहे. या दुसऱ्या टप्प्यात प्रकल्पासाठी जमीन विकावी लागत नाही. ती भाड्याने देता येते आणि हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे ठरविण्यात आले आहे. आजोबांच्या व्यवहारापेक्षा हे निश्चित पुढचे पाऊल आहे. परंतु भाडे म्हणजे हिस्सा नव्हे. भाडेकरूचा धंदा वाढला तरी घरमालकाला ठरलेलेच मिळते. यापुढील पाऊल म्हणजे गावाच्या सोसायटीने प्रकल्पात भाग घ्यावा, बँकांनी त्यासाठी कर्ज द्यावे आणि निदान पाचवा हिस्सा आधी गावकऱ्यांना देऊ करावा. हिस्सा सुरुवातीलाच ठरावा, कारण नंतर तो मिळत नाही, हे डेन्मार्कने दाखविले आहे.

आणि या सर्वांच्या आधी हवी ती आस्कोव्हची शाळा. चक्की कशी फिरते, युनिटचा दर कसा ठरतो, करारनाम्यात काय लिहिलेले असते, हे गावात सांगणारे कोणीतरी हवे. आपल्या महाविद्यालयात पंचक्रोशीतील चाळीस-पन्नास गावांची मुले शिकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, ते योग्यच आहे. परंतु येत्या शिबिरात एक संध्याकाळ या विषयाला देता येईल काय? भूगोलाने वारा सांगावा, अर्थशास्त्राने हिशेब सांगावा आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी करारनामा सोप्या भाषेत वाचून दाखवावा. प्राध्यापकवर्गाने या सूचनेचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

गेल्या महिन्यात आमच्या गावात पुन्हा एक जीप आली. उरलेल्या माळावर सौर प्रकल्पासाठी जमीन पाहणे चालू आहे, असे समजले. आजोबांनी मला निरोप पाठविला, "कागूद आला तर सही करायच्या आधी तुला दावतो." परीक्षा संपली की मी गावी जाणार आहे आणि तो कागद प्रथम वाचणार आहे.